माणूस लावा!

माणसं भेटली की 'कसं काय' म्हणतात, 'जेवण झालं का' म्हणतात, काहीच सुचलं नाही तर 'ऊन फार वाढलं' म्हणतात. पुंडलिकनाना म्हणतात, "उंची किती?"

नवे साहेब बदलून आले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार घालता घालता नानांनी हेच विचारलं होतं. साहेब हसून म्हणाले, "पाच-नऊ." नानांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "बुटासकट." त्यानंतर चहा येईपर्यंत कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

माझी पाळी त्याआधीच येऊन गेली होती. मी मूळची धुळ्याची. वीस वर्षांपूर्वी अमळनेरला बांधकामाच्या सरकारी कचेरीत लिपिक म्हणून बदलून आले. पहिल्या दिवशी नवराही सोबत आला होता, टेबल कुठलं मिळतंय, वर पंखा आहे का ते बघायला. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा आणि कमरेच्या पट्ट्याला लोखंडी टेप अडकवलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "ताई, उंची किती?" मी म्हटलं, "पाच फूट." लग्न ठरवताना वडिलांनी कागदावर तेच लिहून दिलं होतं आणि नवऱ्याने त्यावर कधी शंका घेतली नव्हती. नाना म्हणाले, "चार-दहा." मग माझा चेहरा पाहून समजूत घालायला लागले, "वाईट वाटून घेऊ नका ताई. चार-दहा फार उपयोगी. तुम्हाला रस्त्याखालच्या मोरीशेजारी उभं केलं तर मोरी पूल दिसते." नवरा घरी पोहोचेपर्यंत हसत होता. मी मात्र तो राग वीस वर्षं जपला. असे राग जपायला मला आवडतात.

नाना फोटोग्राफर. पण बारशाचे, मुंजीचे, लग्नाचे नव्हेत. सरकारी कामाचे. कुठलंही काम झालं की कागदपत्रांसोबत तीन फोटो लावायचे असा आमच्याकडे नियम. एक काम सुरू होण्यापूर्वीचा, एक चालू असतानाचा, एक पूर्ण झाल्यावरचा. तालुक्यातली मोरी, फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, पाण्याची टाकी, शाळेची खोली, काहीही असो, चाळीसेक वर्षं हे तिन्ही फोटो नानांनी काढले. आणि प्रत्येक फोटोत त्यांनी माणूस उभा केला. हा त्यांचा हट्ट. कॅमेरा डोळ्याला लावला की ओरडायचे, "माणूस लावा!" रस्त्याने जाणारा गुराखी असो, ओट्यावर बसलेला म्हातारा असो, पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातांनी बाहेर आलेली बाई असो. जो दिसेल तो टाकीच्या पायथ्याशी उभा.

"माणूस कशाला?" म्हणून एका अभियंत्याने विचारलं होतं. "मोजपट्टी धरा ना शेजारी."

"पट्टी कोणाला कळते साहेब?" नाना म्हणाले. "मापाशिवाय फोटो म्हणजे नुसता उजेड. आणि माणसाइतकं सोपं माप नाही. बघणाऱ्याला लगेच कळतं, हा एवढा तर टाकी केवढी."

पण मग माणसाचंही माप पक्कं हवं. म्हणून आधी टेप. चप्पल काढायला लावायची, टोपी काढायला लावायची. बाया डोक्यावर पाटी घेऊन येत असतील तर पाटीखालची चुंबळसुद्धा उतरवायला सांगायची. "चुंबय उतार माय, दोन इंच खोटी उंची वाढी ऱ्हायनी." मग निगेटिव्ह ज्या पाकिटात ठेवायची त्यावर कामाचं नाव, जागा आणि उभ्या माणसाची उंची. माणसाचं नाव नाही. ते कोणी मागितलेलंच नव्हतं.

ही पाकिटं नानांच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आहेत. डब्यांवर चिठ्ठ्या : मोऱ्या, फरश्या, टाक्या, वर्गखोल्या, पाझर तलाव. एका डब्यावर 'किरकोळ' लिहिलंय. मला वाटलं त्यात घरचे फोटो असतील. उघडून पाहिलं तर तालुक्यातली झाडून सगळी उद्घाटनं त्यात होती. "त्यात माप नाही," नाना म्हणाले. "जो तो दुसऱ्याच्या पुढे यायला टाचा उचलतो."

लग्नाचे फोटो त्यांनी एका हंगामात काढून पाहिले. जामनेरकडच्या एका लग्नात नवरा-नवरीला शेजारी शेजारी उभं करून त्यांनी भर मांडवात सांगितलं, "नवरी पाच-तीन, नवरदेव पाच-दोन. पाट आणा." पाट आला, लग्नही लागलं, पण लग्नाच्या ऑर्डरी तिथेच संपल्या.

या सगळ्या मापांत नानांचं लाडकं माप एकच, पाच-एक. म्हणजे आमच्या विमलवहिनी, त्यांची बायको. सुरुवातीपासून वहिनी स्कूटरवर मागे बसून साइटवर जायच्या. आडरानात फरशी झालेली असायची, चिटपाखरू नसायचं, मग वहिनी डब्याची पिशवी खाली ठेवून फरशीवर जाऊन उभ्या राहायच्या. नानांच्या डब्यांत मी त्यांना किमान दोनशे ठिकाणी पाहिलं आहे. साड्या बदलल्यात, केस बदललेत, पाकिटावरचा आकडा तोच. वहिनींनाही त्याचा कोण अभिमान! त्यांच्या माहेरच्या बायकांत पाच फुटांच्या वर गेलेल्या त्या एकट्याच. भाजी घेताना बाईशी ओळख झाली तरी दहा मिनिटांत हा विषय निघतोच.

आता अर्थात नानांची गरज उरली नाही. साइटवरची पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि फोटोखाली अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. मी असा एक फोटो नानांना दाखवला. त्यांनी फोन नाकाशी धरून पाहिला. "बरं, जागा कळली," ते म्हणाले. "पण केवढं बांधलं ते कुठे कळलं?" आणि बाहत्तराव्या वर्षीही ते कॅमेरा घेऊन, कोणी न बोलावता, नव्या कामांवर जात राहिले. वहिनींचं मात्र जाणं थांबलं. दोनतीन वर्षांपूर्वी त्या घरात पडल्या, हाडं ठिसूळ झाली आहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून घराबाहेर फारशा पडत नाहीत.

नानांची एक गोष्ट तेवढी मला कळत नव्हती. माझ्या नवऱ्याला घरात ठोकाठोक करायची हौस, त्यामुळे आमच्याकडे भिंतीला भोकं पाडायची ड्रिल मशीन आहे. आठ-दहा महिन्यांनी नाना ती मागायला यायचे. "भाऊंची मशीन देता का ताई? एक फळी हलवायची आहे." एक फळी माणूस आयुष्यात किती वेळा हलवतो? मी नवऱ्याला म्हणायचे, तुमच्यासारखाच आणखी एक आहे गावात.

तर, मागच्या हिवाळ्यात आमच्या कचेरीत निंबा आला. बोरीकाठच्या धामणदे गावचा, पंचेचाळिशीचा, उंचपुरा, सावद्याहून केळीचे ट्रक नेणारा ड्रायव्हर.  मी "काय काम आहे भाऊ?" म्हटलं.

"मन्ही मायना फोटो शे का आठे?"

मला वाटलं माणूस चुकून आला. मग त्याने सगळं सांगितलं. तो चार महिन्यांचा असताना आई वारली. घरात तिचा एकही फोटो नाही. "मी तिले दखेलच नही ताई. मन्ही पोरनं लगीन शे. मांडोमा बठ्ठासना फोटो लागतीन, मन्ही मायनाच नही." गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं की रोजगार हमीत धामणद्याचा पाझर तलाव झाला तेव्हा तुझी आई तिथे माती वाहायला होती, आणि एका फोटोवाल्याने बायांना भिंतीशी उभं केलं होतं.

आमच्याकडची तेव्हाची कागदपत्रं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झालेली. हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं. मग मी टेबलाला कुलूप लावलं आणि त्याला नानांकडे घेऊन गेले.

नानांनी निंबाकडे पाहिलं. "उंची किती?"

"कोनी?" निंबा गोंधळला.

"पाच-अकरा," नानांनी स्वतःच उत्तर दिलं आणि 'पाझर तलाव'चा डबा काढला. दहा मिनिटांत पाकीट हातात. त्यावर त्यांचंच तरुणपणीचं अक्षर : धामणदे, सांडव्याची भिंत, डावीकडून ४-११, ५-३, ५-०. निगेटिव्ह उजेडात धरली तर खरंच तीन बाया उभ्या होत्या.  पण तिघींतली कुठली, हे पाकीट सांगत नव्हतं. नानांना एवढं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "नाव विचारायला पाहिजे होतं भो," ते दोनदा म्हणाले. "एक शब्द लिहायला काय लागलं असतं मला!"

त्यांनी मोठी प्रत काढून घेतली आणि रविवारी आम्ही तिघं धामणद्याला गेलो. तिला ओळखणारं माणूस गावात एकच उरलेलं, निंबाची फुई, म्हणजे आत्या. गंगूफुईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे. निंबाच्या अंगणात बसून तिने फोटो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, आणि डावीकडच्या हसणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. "हाईच! मन्ही भावजयी हासरी व्हती."

झालं. निंबाने फोटो छातीशी धरला. शेजारपाजारचे जमले, कोणी म्हणालं नाक निंबाचंच, कोणी म्हणालं हसणं अगदी पोरीचं. माझेही डोळे भरून आले होते. आणि अशा वेळी नाना म्हणाले, "थांबा."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! मी त्यांचा सदरा ओढला. पण ते फुईसमोर उकिडवे बसले. "फुई, तिनी उंची कितली व्हती?"

"ऱ्हा रे बाबा! आम्ही काय तिले मोजीसन लयेल व्हती का?"

"तसं नही. तिना हात कोठे पुरे? डोकं कोठे लागे?"

  फुईने मान वळवून, दिसत नसतानाही, घराच्या दाराकडे पाहिलं.

"डोकं? डोकं तं ती दारमा ठोके. आम्ही बठ्ठ्या बाया सरय येऊत नि जाऊत, ती एकलीच वाके. पहिलाच दिन कपाय ठोकायनं तिनं, नि मन्ही माय म्हने, सून नही, शिडी लयनात!"

नाना उठले. दार तेच होतं, जुनं, सागाच्या चौकटीचं. त्यांनी टेप लावला. चार-नऊ. लोक हसायला लागले, एवढ्या दारातून तर कोणीही सरळ जाणार नाही. नानांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. उंबऱ्याच्या बाजूला बसून त्यांनी नखाने माती उकरली. निंबाच्या वडिलांनी पुढे कधीतरी कोबा केला होता, त्यावर निंबाने फरशी बसवली होती. जमीन वर आली होती, चौकट तिथेच होती. कोबा आणि फरशी मिळून पाच इंच.

"दार पाच-दोन होतं," नाना म्हणाले. "चार-अकराला वाकायचं कारण नाही. पाच फुटालाही नाही."

सगळ्यांनी पुन्हा फोटो पाहिला. मधली बाई. सावळी, लांब हाताची, न हसणारी. आणि तिची मान जराशी पुढे झुकलेली. उघड्या माळावर, डोक्यावर आभाळाशिवाय काही नसताना, ती सवयीने वाकून उभी होती.

 आत निंबाची मुलगी अश्विनी सगळ्यांसाठी चहा करत होती, ती ट्रे घेऊन बाहेर आली, आणि दारात वाकली. "पाच-सात," नाना स्वतःशीच म्हणाले. निंबाच्या बायकोनेच मग सांगितलं, या पोरीचं लग्न जमवताना उंचीच आडवी यायची, दोन्हीकडच्या बायांत एवढं उंच कोणी नाही, ही कोणावर गेली म्हणून सगळे विचारायचे. अश्विनीने ट्रे खाली ठेवला, फोटो हातात घेतला आणि मधल्या बाईकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी आजीवर गेले." तेव्हा मात्र निंबा रडला. फुईही रडली, पण तिने डावीकडच्या बाईला सोडलं नाही. "मंग हाई कोन शे?" म्हणून ती संध्याकाळपर्यंत विचारत होती.

निघण्यापूर्वी कप ठेवायला आत गेले तेव्हा त्या दारात मलाही वाकावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा. खरं सांगते, बरं वाटलं.

पुढच्या पंधरवड्यात निंबा लग्नाची पत्रिका आणि केळीचा अख्खा घड घेऊन नानांकडे आला. सोबत अश्विनी. मलाही बोलावलं होतं. निंबाने दाराची, कोब्याची, फरशीची सगळी हकिकत वहिनींना उभ्याने करून दाखवली. "अख्खं गाव चुकनं वहिनी," तो म्हणाला, "नानासना टेप नही चुकना."

वहिनी कौतुकाने ऐकत होत्या. चहा करायला उठल्या, तशी मीही त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. त्यांनी हात वर केला आणि फळीवरचा साखरेचा डबा अगदी सहज काढला. फळी जरा खालीच होती. मी वर पाहिलं. फळीच्या वर भिंतीत भोकांची एक जोडी, पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली. तिच्यावर अर्ध्या-पाऊण इंचाच्या अंतराने दुसरी. तिच्यावर तिसरी, चौथी. मला आमची ड्रिल मशीन आठवली. डबा घेऊन वहिनी माझ्याकडे वळल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी मान वर न करता त्यांच्या डोळ्यांत बघते आहे.

बाहेर नाना अश्विनीची उंची घेत होते. "पाच-सात. बरोबर बोललो होतो."

"आता माझी घ्या," चहा देऊन झाल्यावर वहिनी म्हणाल्या. "पडल्यापासून घेतलीच नाही तुम्ही."

"तुझी काय घ्यायची? पाठ आहे मला."

"घ्या हो नाना," निंबा म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

वहिनी भिंतीला टेकून ताठ उभ्या राहिल्या. जमेल तेवढ्या ताठ. नानांनी टेपचं टोक पायाखाली दाबलं, वर नेलं, आकड्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं.

"पाच-एक," ते म्हणाले. "जशीच्या तशी."

वहिनी खुलल्या. पण मग माझ्याकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. "असं कसं? ताई तर चार-दहा ना? गावभर सांगत असता तुम्ही. मग त्या माझ्याएवढ्या कशा दिसतात?"

 ज्या माणसाने साहेबांना दोन इंचांची सूट दिली नाही, फोटो छातीशी धरलेल्या निंबाला चार इंचांसाठी थांबवलं, तो हातात टेप घेऊन उभा होता आणि आपल्याच घरात त्याला पळायला जागा नव्हती. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी वीस वर्षांचा राग विसरले.

"ताईंचं मोजायला माझं चुकलं होतं," नाना सावकाश म्हणाले. निंबासमोर, अश्विनीसमोर. "पाच-एक आहेत त्या."

"बघा!" मी म्हटलं. "वीस वर्षं ओरडतेय मी. माझं कोण ऐकतं?"

वहिनी हसल्या. माझ्या दंडाला दंड लावून शेजारी उभ्या राहिल्या आणि नानांना म्हणाल्या, "मग काढा आमचा दोघींचा." नानांनी काढला. त्यांना फोकस करायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. वहिनींना काय कळलं होतं आणि काय नाही, ते मी विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी नाना आमच्या दारात उभे. "ताई, भाऊंची मशीन..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ती आणून दिली. सोबत भिंतीत ठोकायचे चार नवे प्लग दिले आणि भोकं बुजवायला वाटीभर पांढरं सिमेंट. त्यांनी सगळं पिशवीत नीट ठेवलं. फाटकापर्यंत गेले आणि वळले.

"ताई, उंची किती?"

"पाच-एक," मी म्हटलं.

"बरोबर," म्हणाले नाना, आणि स्कूटरला किक मारली.